पानावरची जिलेबी

पानात जिलेबीचा पाक हळूहळू पसरत होता. लहानपणी काकू मला कायम शेवटच्या पंगतीला बसवायची. तोवर जिलेबी संपलेली असायची. त्या भुकेच्या जोरावरच मी घासाघीस शिकलो, दुकान उभं केलं. आज तिच्या नातवाच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसलो, तर भूकच नाही. वजन आणि साखर दोन्ही वाढल्यामुळे डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन दिलंय. त्याने पोट सावकाश रिकामं होतं, भूक मरते. घरातलं माणूस गेल्यावर होते तशी शांतता आता पोटात असते.

“घे रे, अजून एक,” काकू स्वतः वाढायला आली.

मी पानावर आडवा हात धरला.

“अजून राग धरलायस?”

राग होताच. पण या वेळी नको म्हणत होतं ते इंजेक्शन, मी नव्हतो.