टोकं अजून झाली नाहीत

धनुष्य करायला घेतलं तेव्हा ते होईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. मला मात्र खात्री होती, कारण मला सगळ्याच गोष्टींची खात्री असते. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो आणि घरी आल्यावर तेच काम मी फुकट करते, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

कॉलेजात असताना मी तिरंदाजी करायचे, बरी करायचे. लग्न, नोकरी, शिफ्ट यांत ती सुटली. चाळिशी उलटल्यावर रविवारी सकाळी ताथवड्याच्या एका मैदानावर पुन्हा जायला लागले. हात बसत आला होता, तेवढ्यात वाकडला स्कूटरवरून पडले. उजव्या खांद्याचा स्नायू फाटला, ऑपरेशन झालं. पुढे कित्येक महिने माझी वेणी नवरा घालायचा, आणि ती अशी घालायचा की कंपनीच्या बसमध्ये बायका विचारायच्या, "आज भांडण झालं का गं?" शेवटी फिजिओथेरपीवाली म्हणाली, "मॅडम, आता हलकं धनुष्य ओढून बघायला हरकत नाही. नाही जमलं तर नाही."

ती सहज बोलली. तिचं काय जातंय? मी मात्र ते 'नाही जमलं तर नाही' घरी घेऊन आले आणि जेवताना, झोपताना तेच चघळत बसले. आठवडाभर मी कुणाशी ना कुणाशी वाद घालत असते. रविवारी मैदानावर तेवढा तासभर माझा कुणाशी वाद नसायचा, स्वतःशीसुद्धा. तो तास कायमचा गेला असेल तर?

मैदानावरची धनुष्यं या खांद्याला जड होती. शहाण्या माणसानं हलकं विकत आणलं असतं. मी म्हटलं, स्वतः करीन. दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि त्यात काम करणाऱ्यांच्या चुकाही काढल्या.

नवऱ्याच्या आत्याकडे, चाकणजवळच्या गावात, कांदा साठवायच्या चाळीसाठी आणलेले बांबू उरले होते. चांगले वाळलेले. मी एक निवडून बाजूला काढला तेव्हा आत्यांनी विचारलं, "याचं काय करायचं?"

"धनुष्य," मी म्हटलं.

आत्यांनी माझ्याकडे न बघता भाच्याला विचारलं, "बरी हाय न्हवं ही?"

"हाय की," नवरा म्हणाला. "आपरेशन खांद्याचं झालंय, डोक्याचं न्हाई." पिंपळे गुरवात जन्म काढलेला हा माणूस एरवी माझ्याशी शुद्ध बोलतो, पण आत्यासमोर गेला की त्याची गाडी अशी रुळावर येते.

बांबू उभा चिरून त्याची लांब पट्टी काढली. मधे मूठ, आणि मुठीपासून दोन्ही टोकांकडे निमुळती होत जाणारी. टोकं बारीक हवीत, नाहीतर त्यांच्याच वजनानं बाण मंद सुटतो. हे मला पटलं, आणि एकदा पटलं की मी थांबत नाही. कानस घेऊन बाल्कनीत बसले आणि दोन्ही टोकं घासत सुटले. मापायला अर्थातच व्हर्निअर. जाडी, रुंदी, दोरी अडकवायच्या खाचेची खोली, सगळं दोन्हीकडे केसाचाही फरक नको. कंपनीत एवढ्या नेमक्या मापाचे पार्ट आले असते तर मी पुरवठादाराला पेढे दिले असते.

मग बाल्कनीच्या ग्रिलला खाली एक कप्पी बांधली आणि वर एक खुंटी. धनुष्याची मूठ वरच्या खुंटीवर ठेवायची, दोरीला दोरखंड लावून तो कप्पीतून घ्यायचा आणि लांब उभं राहून डाव्या हातानं ओढायचं, म्हणजे धनुष्य कसं वाकतंय ते समोर दिसतं. मी ओढलं. धनुष्य एकीकडे छान कमानीसारखं वाकलं आणि दुसरीकडे साहेबासारखं ताठ राहिलं.

मी पुन्हा मापलं. मापं तंतोतंत. मी बांबूला शिव्या दिल्या, पुन्हा मापलं. मग कुठे डोक्यात उजेड पडला की बांबूला बुडखा असतो आणि शेंडा असतो. बुडख्याकडचा भाग मुळातच कडक, तो सारख्या मापानं सारखा वाकेल कसा? हे कांद्याची चाळ बांधणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पण मी बांबूला सीएनसी मशिनवर तयार झालेला समजत होते. शेवटी फुटक्या काचेनं कडक बाजू आतून थोडी थोडी खरवडली आणि दोन्हीकडचा बाक डोळ्यांनी जुळवला. धनुष्य नीट वाकायला लागलं, मापं मात्र साफ बिघडली. मी व्हर्निअर डबीत घालून कपाटात ठेवला, आणि रात्री पुन्हा काढून एकदा बघितलंच.

एवढं झाल्यावर कप्पीवर जरा जास्त ओढलं तर वरच्या टोकातून कट्ट आवाज आला. दोरीनं बांबूच चिरला होता. खाचेपासून खाली एक बारीक चीर गेली होती. दोष कुणाचा? बारीक करण्याच्या नादात टोकात जीवच ठेवला नव्हता. चिरलेलं तेवढं कापलं, खालूनही तेवढंच कापलं आणि टोकांवर कठीण लाकडाचे तुकडे चिकटवायचे ठरवलं, म्हणजे दोरी त्या लाकडात बसेल आणि बांबूला घाव बसणार नाही.

कठीण लाकूड घरात एकच होतं. शिसवी लाटणं. ते मी उभं चिरलं. चिकटवून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट आवळलं, आणि वाळल्यावर त्या तुकड्यांच्या खाली चांभाराकडचा मेणाचा दोरा गुंडाळला. संध्याकाळी नवरा कणीक मळून लाटणं शोधत होता. त्यानं बाल्कनीत डोकावून पाहिलं आणि स्टीलच्या पेल्यानं पोळ्या लाटल्या. त्या पोळ्यांना आकार नव्हता, पण त्या दिवशी मी त्यांत चूक काढली नाही.

यानंतर खरं तर धनुष्य झालं होतं. पण मला टोकं पसंत पडेनात. खाचेची कड जरा धारदार वाटायची, ती गोल केली. मग शिसवाचा उतार दोन्हीकडे वेगळा दिसला. मग पॉलिश पेपर, मग तेल, मग वाटलं तेल जास्त झालं. खंडेनवमीला कंपनीत आम्ही मापं तपासायच्या गेजांना हळदकुंकू वाहिलं, घरी मी कानस आणि धनुष्य पाटावर मांडलं. नवऱ्यानं झेंडूचं फूल ठेवता ठेवता विचारलं, "हे हत्यार म्हणून पुजायचं की लाकूड म्हणून?"

"टोकं अजून झाली नाहीत," मी म्हटलं.

दिवाळी गेली तरी माझं उत्तर तेच होतं. फिजिओथेरपीवालीनं विचारलं, तिलाही तेच. क्वालिटीची बाई असण्याचा हा एक फायदा आहे, कुठल्याही गोष्टीत 'अजून थोडं बाकी आहे' म्हटलं की लोक मान डोलावतात. कप्पीवर मी ते धनुष्य रोज पूर्ण ओढायचे, डाव्या हातानं. हातात धरून उजव्या हातानं दोरी एकदाही ओढली नव्हती. मला भीती वाटत होती. टोकं घासत होते तोवर खांदा गेला की राहिला हे कुणाला कळणार नव्हतं, मलाही नाही.

एका रविवारी सकाळी नवऱ्यानं धनुष्य, बाण आणि पॉलिश पेपर उचलून गाडीत टाकला. "मैदानावर बसून घास," म्हणाला. "तिथं उजेड चांगला असतो."

मी चिडून गेले खरी, पण गेले. बाकीचे लोक नेम धरत होते आणि मी कडेच्या दगडावर बसून पिशवीत पॉलिश पेपर शोधत होते. वर बघते तर नवरा धनुष्य घेऊन लांब उभा. बाण वगैरे काही नाही, नुसती दोरी हनुवटीपर्यंत ओढलेली, आणि चेहऱ्यावर स्वतःवर खूश असलेल्या माणसाचं हसू. बाण न लावता दोरी सोडली की सगळा जोर धनुष्यातच परत फिरतो आणि ते मोडतं. त्याला हे कधी सांगितलंच नव्हतं.

"सोडू नका!" मी ओरडले.

तो जागीच थिजला. "मग काय करू?"

"हळूहळू पुढे न्या."

"कसं पुढे? बोटं निसटतायत."

मी धावले. मागून डावा हात मुठीवर घातला, उजव्या हाताची बोटं त्याच्या बोटांशेजारी दोरीत अडकवली. "आता सोडा. माझ्याकडे द्या." त्यानं बोटं काढली आणि सगळा ताण माझ्या हातावर आला. मी दोरी सावकाश पुढे नेली, धनुष्य सरळ केलं आणि आधी वरचं टोक बघितलं, मग खालचं. दोन्ही शाबूत. माझा जीव भांड्यात पडला.

नवरा बोटं चोळत उभा होता. "धनुष्य बरं आहे ना?"

"आहे."

"आणि खांदा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो सगळा ताण मी उजव्या हातानं पेलला होता. मी गवतात खाली बसले. खांदा ठणकत होता, पण आपल्या जागी होता. त्यानं शेजारी बाण आणून ठेवला.

मी उठले. बाण लावला. दोरी हनुवटीपर्यंत नेली, पण नेम कशावरच नव्हता. सोडला. बाण निशाणाच्या निम्म्या वाटेवर, कुणालाही अडचण न करता, गवतात जाऊन पडला.

नवरा तो आणायला गेला. तिथूनच म्हणाला, "लई लांब न्हाई गेला."

"माहीत आहे," मी म्हटलं. मला हसायचं होतं, पण रडू आलं, आणि आलं ते थांबेना. तो तिकडे माझ्याकडे पाठ करून, बाण हातात धरून, बराच वेळ गवतात बाण शोधत राहिला.