हुरड्यातलं रानडुक्कर

चहा घ्या आधी, कारण हे ऐकताना तो सांडणार आहे. ईट गावच्या बाजारात गोष्ट कधीच पोचलीय, मग माझ्याच तोंडून ऐका.

नाताळच्या सुट्टीत बहिणीनं पुण्याहून पोरं पाठवली, ओम आणि सई. ताकीद अशी, "दादा, पोरं कंटाळलो म्हणाली की लगेच न्यायला येते." आणि पोरं आल्यापासून मोबाईलमध्येच. आबा, म्हणजे माझे वडील, वर्षभर नातवंडांची वाट बघत बसलेले. काहीही करून पोरं राहिली पाहिजेत, म्हणून दोन्ही मोबाईल कपाटात टाकले आणि सगळी वरात शेतावर नेली.

विटीदांडू झाला. ओम म्हणाला, "मामा, यात पुढची लेव्हल कधी येते?"

मी खचलोच. शेवटचा उपाय म्हणून लपंडाव काढला. राज्य पोरांवर आणि मी थेट हुरड्याला आलेल्या ज्वारीत. डोक्याच्या वर पीक, कोण शोधणार?

आबांना सांगायचं तेवढं राहिलं. आदल्या रात्री रानडुकरांनी त्यांची ज्वारी लोळवली होती आणि तेव्हापासून आबा तेरखेड्याचे सुतळी बॉम्ब खिशात घेऊन हिंडत होते. हे मला आठवायला नको होतं?

जरा वेळानं सईचा आवाज आला, "आबा, तिकडं काहीतरी हलतंय."

"गप ऱ्हावा," आबा हळूच म्हणाले. "पळून जाईल त्ये."

मला वाटलं, या वयात आबाही खेळायला लागले! डोळेच भरून आले माझे. खेळ रंगावा म्हणून मी रांगत आणखी आत गेलो.

"लई दांडगं हाय," आबा म्हणाले.

तरी मला कळू नये?

माझ्या मागंच बॉम्ब फुटला. मी चारी पायांवर बांधावर आलो. हो, तेव्हा मला चारच होते. तोंडात माती, केसात पानं. "आबा, म्या हाय, म्या!"

आबांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. मोडलेल्या ज्वारीकडं पाहिलं. "डुकरानं बी इतकी मोडली न्हवती," एवढंच बोलले.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ओमनं सांगून टाकलं, "आई, इतक्यात येऊ नकोस."

जिंकलो म्हणायचं का हो याला? पोरांनी परत मोबाईल मागितला नाही. रोज सकाळी कडाक्याच्या थंडीत कानटोप्या घालून दोघं माझं पांघरूण ओढतात. आबा आधीच तयार.

"आज दुसरं कुणी होऊ दे की," मी हात जोडतो.

सई समजूत घालते, "मामा, डुक्कर तूच. दुसऱ्या कुणाला इतकं जमत नाही."