माठाखालचा बँड आणि माझे चार शब्द

आमच्या दीपालीचं लग्न मी मोडलं, तेव्हा पोहे अजून गरम होते.

मुद्दाम नाही मोडलं. मुद्दाम काही करणारी मी बाईच नाही. चार माणसं समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटते. पिठाच्या गिरणीवरसुद्धा मी डबा ठेवते, बोट दाखवते आणि घरी येते. (गिरणीवाला बरीच वर्षं मला मुकी समजत होता. एकदा माझ्या पायावरून उंदीर गेला, तेव्हा माझी किंकाळी ऐकून त्याची खात्री पटली की मी मुकी नाही!)

पाहुणे वाटूरहून येणार होते. स्थळ माझ्या भावाने, नानाने आणलं होतं. मुलाचं नाव विशाल, जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत कामाला. वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांची शेती आहे, थोडी मेंढरं आहेत. आमचंही तसंच. कुंभार पिंपळगावच्या अलीकडे शेत, आणि आता नावापुरती राहिलेली मेंढरं. सगळं बराबर जुळत होतं. आणि हे जुळायला हवंच होतं. कारण याच्या आधीचं स्थळ आमच्याकडे पोटभर जेवून, गोड बोलून गेलं आणि नकार मात्र आम्हाला भरबाजारात, कांद्याच्या ढिगाशेजारी, एका तिसऱ्याच माणसाकडून कळला. त्यानंतर दीपालीचे बाबा कितीतरी दिवस बाजाराला गेले नाहीत. दीपाली जेवताना ताटातलं इकडचं तिकडे करत बसायची. ते मला बघवत नव्हतं.

आता अडचण एकच होती. दीपालीचा बँड!

बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला नव्हे. परदेशातला. नाव मला आजही घेता येत नाही. त्यांच्या गाण्याला म्हणे प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. दीपालीने मला एकदा कानात घालून ऐकवलं होतं. आधी कुणी पाळणा हलवत असल्यासारखं हळूहळू, आणि मग एकदम मळणीयंत्रात दगड गेला! एकेक गाणं इतकं लांब की ते लागल्यावर मी कुकर चढवला आणि ते संपेपर्यंत वरण फोडणी देऊन तयार. ठेका धरायला जावं तर टाळी वाजायच्या आत ठेकाच निघून जायचा, आणि आपले हात हवेत.

"आई, हीच तर गंमत आहे," दीपाली म्हणाली होती.

"असंल माय," मी म्हटलं. "पण पाव्हण्यांपुढं ही गंमत काढू नको. काय आवडतं म्हणलं तर भरतकाम म्हण."

"मला सुईत दोरा ओवता येत न्हाई."

"ते लग्नानंतर कळंल त्यांना."

तिचा एक काळा टी-शर्ट होता, त्या बँडचा. छातीवर हाडांचं झाड आणि झाडावर, पार बाहीपर्यंत, घड्याळं लटकलेली. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली, तेव्हा हा शर्ट वाळत घातलेला होता, अगदी ओसरीसमोर! मी धावत जाऊन ओढला. कुठे लपवावा? कपाट माझ्या नणंदेने, कौसाअक्काने, साडी बदलायला अडवलेलं. शेवटी मी त्याची गोल चुंबळ वळली आणि मधल्या खोलीत माठाखाली सारली. माठ मस्त बसला. मी स्वतःवरच खूश झाले.

पाहुणे ओसरीवर बसले. पोहे आले. दीपाली खाली मान घालून बसली, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. विशालची आई बारीक नजरेने सगळं बघत होती, पण चेहरा प्रसन्न होता. मग नाना म्हणाला, "आता आजकालची पद्धत हाय. पोरापोरीला दोन शब्द बोलू द्या."

दोघांना मधल्या खोलीत पाठवलं. पोह्यांची बशी बरोबर दिली. मी आणि अक्का स्वयंपाकघरात गेलो. आमच्या घराची मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचत नाही, वरून हातभर मोकळी आहे. त्यामुळे स्वयंपाकघरात बसून मधल्या खोलीतला श्वाससुद्धा ऐकू येतो. (आम्ही काही कान लावला नव्हता. कान जिथे होते तिथेच होते.)

"तुम्हाला काय आवडतं?" विशालने विचारलं.

"भरतकाम," दीपाली म्हणाली.

मी अक्काकडे पाहून मान डोलावली.

मग विशाल म्हणाला, "जरा पाणी घेतो." माठाचं झाकण वाजलं. आणि मग त्याचा आवाज एकदम बदलला. "एक मिनिट. हे माठाखाली... ही घड्याळाची बाही कुणाची हाय?"

माझ्या हातातला चिमटा गळून पडला असता, पण तो आधीच अक्काच्या हातात होता.

"माझा टी-शर्ट हाय तो," दीपाली म्हणाली.

"अन् तुम्ही तो माठाखाली ठेवला?"

"मी न्हाई! आईनं!"

झालं. गेली भरतकामाची अब्रू. मी डोळे मिटले. पण विशाल रागावला नव्हता. तो इतक्या भरभर बोलायला लागला की बस! त्यालाही तोच बँड आवडत होता. जालन्यात त्याच्या खोलीवर म्हणे त्यांचा भिंतभर फोटो आहे. अक्काने माझ्या मांडीवर थाप मारली. "जमलं गं!"

तेवढ्यात विशालने विचारलं, "मंग तुमचं आवडतं लाइव्ह कोणतं?"

(लाइव्ह म्हणजे म्हणे लोकांपुढे उभं राहून गायलेलं.) इथून सगळं बिघडलं.

"छोट्या हॉलमधलं," दीपाली म्हणाली. "गायकाचा आवाज बसल्ता ते."

"ते? त्यात तर त्याला वरची पट्टी लागतच न्हाई! मोठ्या मैदानातलं ऐका. एक सूर इकडचा तिकडं न्हाई."

"मंग लाइव्ह कशाला ऐकायचं? रेकॉर्डच ऐका की!"

"आवाज बसलेलं ऐकायचं व्हय?"

"आवाज बसला म्हणूनच लोकांनी गाणं उचललं ना! तुम्हाला तेवढं पण कळत न्हाई?"

मी तोंडावर पदर घेतला. कळत न्हाई! बघायला आलेल्या मुलाला! मला बघायला आले तेव्हा मी 'हूं'सुद्धा केलं नव्हतं. सासऱ्यांनी नाव विचारलं तेही अक्कानेच सांगितलं होतं.

"मधल्या वाजवण्यात तरी ड्रमवाला चुकला, हे मान्य करा," विशाल म्हणाला.

"बिलकुल चुकला न्हाई! सात मात्रा हैत तिथं."

"सात न्हाई. पाच अन् मंग सात."

"वाजवून दाखवा!"

"दाखवतो की!"

आणि त्याने बाकड्यावर दोन्ही हातांनी सुरुवात केली. दीपाली कशी मागे राहील? तिने चमच्याने पोह्यांची बशी बडवायला घेतली. धाडधाड, खणखण! ओसरीवरचं बोलणं थांबलं. तेवढ्यात बशी खाली पडली आणि गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिली.

"काय झालं वो आत?" ओसरीवरून विशालच्या आईचा आवाज आला.

"काही न्हाई, मांजर असंल," दीपालीचे बाबा म्हणाले. (आमच्याकडे मांजर नाही.)

आणि मग मधली खोली एकदम गप्प झाली. ना शब्द, ना चमचा. मी वाट पाहिली. अक्काने वाट पाहिली. काहीच नाही. भांडणाचं मला भय वाटत नाही, भांडणानंतरच्या गप्प बसण्याचं वाटतं.

"मोडलं," अक्का कुजबुजली. "आता ते पोहे खाऊन गोड बोलून जातील, अन् मंग बाजारात कळंल. त्यापरीस आपणच आधी न्हाई म्हणलेलं बरं. पोरीकडून नकार गेला तर पोरीची मान वर राहती."

"मंग तुम्ही सांगा, अक्का."

"मी आत्या. आईनं सांगायचं असतं. जल्दी!"

तो कांद्याचा ढीग माझ्या डोळ्यांपुढे आला. ताटातलं इकडचं तिकडे करणारी दीपाली आली. मी उठले, डोक्यावर पदर घेतला, ओसरीवर गेले आणि सगळ्या पुरुषांपुढे, जन्मात पहिल्यांदा, खणखणीत आवाजात बोलले,

"आमच्या पोरीला करायचं न्हाई!"

पोह्यांचा घास नानाच्या तोंडातच राहिला. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. दीपालीच्या बाबांना तर मी काय म्हटलं ते उमजलंच नाही. मी बोलले, याच धक्क्यातून ते बाहेर आले नव्हते.

आणि नेमक्या त्याच वेळी मधल्या खोलीतून दोघं एकदम, एका सुरात, एवढ्या जोरात ओरडली की कोंबड्या उडाल्या!

त्या गाण्यात मध्ये एक मोठी थांब आहे म्हणे. सगळे वादक हात वर धरून गप्प उभे राहतात आणि मग एकदम तुटून पडतात. ती दोघं ती थांब मोजत होती! ज्याची थांब चुकेल तो हरला, अशी पैज होती. दोघांची अचूक जुळली. दार उघडलं, दोघं घामाघूम, हसत बाहेर आली आणि विशाल म्हणाला, "आई, आप्पा, आमचं ठरलं!"

आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली. "त्यांचं ठरलं न्हाई. चल."

"आई, काय म्हणलीस तू?" दीपालीने विचारलं.

आता बोलायला हवं होतं. आणि आता जीभ टाळूला! चार शब्द काय बोलले, साठाच संपला. नाना हात जोडत मागे धावला. "आप्पा, ती तसं म्हणली न्हाई!"

"बराबर तसंच म्हणली. आम्ही ऐकलं."

"आमच्या पोरात काय खोट काढली वो?" विशालची आई मला म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी सुरू झाली. दीपाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मागच्या नकारानंतर ताटाशी बसायची, अगदी तशीच.

मी आत पळाले. देवापुढचं हळदकुंकवाचं ताट उचललं आणि अनवाणी गाडीच्या आडवी गेले. बोलता येत नव्हतं ना, मग बोललेच नाही. खिडकीतून हात घातला आणि विहीणबाईंना कुंकू लावलं. घाई एवढी झाली की कपाळाचं कुंकू नाकावर आलं, आणि ताटातली हळद सगळी आप्पांच्या पांढऱ्या शर्टावर! आप्पा जेजुरीहून आल्यासारखे दिसायला लागले.

मग विहीणबाईंनी गाडीच्या आरशात स्वतःचं लाल नाक पाहिलं आणि त्या फस्सकन हसल्या.

"अहो, उतरा खाली," त्या आप्पांना म्हणाल्या. "ह्या बाईला बोलता येत न्हाई, अन् येतं तेवढं उलटंच येतं. कुंकू लागलं, मी काही आता पुसणार न्हाई."

आप्पा उतरले. मी तिथेच रस्त्यात मटकन बसले. एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. दीपालीने मला उठवलं, तेव्हा तीही रडत होती आणि हसतही होती.

लग्न होऊन आता संसार छान चालला आहे. भिंतभर फोटोशेजारी घड्याळाचा टी-शर्ट इस्त्री करून टांगलेला असतो. आवडत्या लाइव्हवरून दोघं अजून भांडतात. फक्त आता त्यात माझंही एक लाइव्ह आलं आहे. घरात कुठलाही कार्यक्रम असला की जावई सुरू करतात, "मामी, तेवढं जुनं म्हणा ना!" मग मला ओसरीच्या दारात उभं करतात. दीपाली म्हणते, पहिल्यासारखा आवाज आता लागत नाही. आप्पा म्हणतात, वाटूरला बारशात म्हटलं होतं ते सगळ्यात भारी. तिचे बाबा मूळच्यावर ठाम आहेत.

मी काय सांगू? माझं गाणं एकच, तेही चार शब्दांचं. पण त्या परदेशी बँडला अजून जमलं नाही ते मला पहिल्याच खेळात जमलं होतं. सगळे प्रेक्षक उठून गाडीत जाऊन बसले होते!