आईच्या नावाची फाईल

मला पहिली फिट चौदाव्या वर्षी आली, शाळेच्या मैदानावर, कवायतीच्या तासाला. पुढे एकोणिसाव्या वर्षापर्यंत अधूनमधून येत राहिली आणि मग थांबली. गोळ्या आजही चालू आहेत. एवढी साधी गोष्ट, पण ती सिद्ध करणारा एकही कागद माझ्याकडे नाही. आमच्या घरात माझा आजार आईच्या नावावर चढवलेला आहे.

नाशिकमध्ये डॉक्टरांची काय कमी? पण आई मला मनमाडला न्यायची, कारण तिथे आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं. पहिल्याच भेटीत तिने डॉक्टरांपुढे हात जोडले. "पोरीच्या नावानं काय लिहू नका साहेब. उद्या तिच्या लग्नाचं बघायचंय. माझंच नाव घाला." डॉक्टर म्हातारे होते, मनाने भले. त्यांनी तपासलं मला आणि नाव लिहिलं आईचं. मेंदूचा आलेख निघाला माझा, त्यावरही नाव तिचंच. घरी तर आजाराला नावच नव्हतं. "ते आलं होतं का?", "त्याच्या गोळ्या घेतल्यास का?" एवढंच.

लग्न काही झालं नाही. आलेली स्थळं भलत्याच कारणांनी फिरली. एक माझ्या रंगावरून, दोन माझ्या फटकळ बोलण्यावरून. म्हणजे ज्याच्यासाठी ही सगळी लपवाछपवी केली, ती वेळच आली नाही. मी नर्स झाले आणि बारा वर्षं एकाच हॉस्पिटलात राबले. तेहतिसाव्या वर्षी परदेशातल्या एका वृद्धाश्रमातून नोकरीचं पत्र आलं. इंग्रजीची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झाले होते. ही नोकरी मला किती हवी होती ते सांगून कळणार नाही. 'हिचं अजून जमलं नाही का' असं जिथे कोणी विचारणार नाही, अशा गावात मला एकदा जाऊन राहायचं होतं.

व्हिसाच्या मेडिकल फॉर्मवर सरळ प्रश्न होता: तुम्हाला कधी फिट आली आहे का?

आई मूळची चांदवडकडची, तिला आडून बोलणं जमत नाही. म्हणाली, "नाय लिही. कागद तर माझ्या नावाचे हायत. कोण म्हणतं तुला काय झालंय?"

तिचं बरोबर होतं. कागदोपत्री मी ठणठणीत होते. तरी मी 'हो' लिहिलं. मी काही सत्याची पुतळी नाही. पण तिथे म्हाताऱ्या माणसांना उचलून खुर्चीत बसवायचं काम, आणि एखाद्या आजींना घेऊन मीच कोसळले तर, एवढा एकच विचार मनात होता.

आठवड्याभरात मेल आली. आजार सुरू झाल्यापासूनच्या उपचारांच्या नोंदी आणि शेवटची फिट केव्हा आली त्याचा पुरावा सहा आठवड्यांत पाठवा.

मी मनमाडला गेले. जुने डॉक्टर वारले होते, त्यांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा बसला होता, तोही डॉक्टर. त्याने फाईल शोधून दिली. वर आईचं नाव, वय अडतीस. खाली नोंद: शाळेच्या मैदानावर पडली, जीभ चावली. पुढच्या पानावर: बारावीची परीक्षा जवळ आली आहे, जागरण टाळावे. वय बेचाळीस. मला हसू फुटलं. तो हसला नाही.

"सिस्टर, मला कळतंय सगळं," तो म्हणाला, "पण बाबांनी लिहिलेलं नाव मी कसं बदलू? आणि मी पत्र दिलं तर ते विचारतील, तुम्ही हिला कधी तपासलंत?"

त्याच्या जागी मीही हेच म्हणाले असते. वॉर्डात एखाद्या मुलीने फाईलवर बेड नंबर चुकवला तरी मी तिला फैलावर घेते. आणि स्वतःच्या गोळ्या मात्र, शिकूनसवरून, आईच्या नावाच्या चिठ्ठीवर आणत राहिले. दोष तिच्या एकटीचा नव्हता. तरी घरी आल्यावर दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

नाशिकच्या मेंदूच्या डॉक्टरांनी आजची तपासणी ठीक असल्याचं लिहून दिलं, मागचं मी पाहिलेलं नाही असंही लिहिलं. शेवटी ओळखीच्या वकिलाने सुचवलं, आईचं प्रतिज्ञापत्र जोडा.

कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका टायपिंगवाल्याकडे आम्ही गेलो. आई ठेवणीतलं पातळ नेसून आली होती. मागे तीन-चार माणसं उभी होती.

"फिट कोणाला येतात मावशी? तुम्हाला का?"

"हो, मला," आई म्हणाली.

"आई," मी म्हणाले.

त्याने टाईप केलेलं खोडलं आणि वर पाहिलं. "नक्की कोणाला?"

आईने पदर घट्ट धरला. खाली बघून म्हणाली, "हिला. माझ्या पोरीला फिट येतात. मला काय झालेलं नाय."

सगळं टाईप झाल्यावर त्याने रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं. मागची माणसं ऐकत होती. एक बाई माझ्याकडे वळून नीट बघू लागली. आईने सही केली. मला तिची दया आली आणि तिचा संतापही आला, दोन्ही एकदमच. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "आता जाता येईल ना तुला?"

"येईल," मी म्हणाले.

महिन्याभराने निकाल आला. मूळ नोंदी दुसऱ्या व्यक्तीच्या नावाच्या आहेत, आईच्या निवेदनाला वैद्यकीय आधार नाही, अर्ज नामंजूर. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोबाईलवर वाचत होते. आई खाली बसून मेथी निवडत होती.

"काय आलं?"

"जागा भरल्या म्हणे त्यांच्या."

तिचा हात थांबला. "माझ्यामुळं तर नाय ना?"

"तुझा काय संबंध?" मी म्हणाले.

तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा मेथीची जुडी ओढली. "जाऊ दे. दुसऱ्या देशाचा फॉर्म भर. आणि या खेपेला माझं ऐक, नाय लिही."

मी 'हो' म्हणाले. यापूर्वी तुमचा व्हिसा कधी नाकारला गेला आहे का, आणि कशामुळे, हाही प्रश्न त्या फॉर्मवर असतो, हे तिला माहीत नाही. मी ते तिला सांगणारही नाही.