गोड लागलेली गोळी
खडूसारखी गोडसर चव जिभेवर आली की पारोळ्यातला तो श्रावण आठवतो. मेंदूखालच्या ग्रंथीची गाठ काढल्यापासून स्टेरॉइडची कडू गोळी मला जन्मभर रोज घ्यायची होती. नवरा सकाळी चहाआधी ती स्वतः माझ्या तळहातावर ठेवायचा. पुढे ती कडू लागेना. मला वाटलं, सवय झाली. कानबाई देवीच्या सणाला नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळता मळता मी परातीवरच कोसळले. धुळ्याच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडचंच इंजेक्शन देऊन विचारलं, “गोळी बंद केली होती का?” मी म्हटलं, “नाही हो, हे रोज हाताने देतात.” नवरा फरशीकडे बघत मला म्हणाला, “ती गोळी खाईसन तुनं तोंड सुजी जायेल व्हतं, म्हनीसन कॅल्शियमनी गोळी देत व्हतू.” आजही पाण्याचा पेला तोच पुढे करतो, मी मात्र गोळी आधी चाखते आणि कडू लागली तरच गिळते.