एकेचाळीस सेकंद

देब्रेत्सेनच्या त्या इस्पितळात एटेल्का शिपोशने अठरा वर्षं एकच काम केलं. मेंदूचं चित्र घेताना रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी औषध सोडत. मशीन ते मेंदूत किती भरतं हे तासभर टिपत राही, आणि एटेल्का मनगटाच्या धमनीतून रक्त काढून नळ्यांवर भिंतीवरच्या घड्याळातली वेळ लिहीत असे. पहिली दोन मिनिटं दर पाच सेकंदांनी. तिचा हात कधी चुकला नाही.

त्या हिवाळ्यात आकडेमोड करणाऱ्या झोंबोरला आलेख जुळेनात. औषध रक्तात दिसण्याआधीच मेंदूत पोचलेलं दिसत होतं.

"असं होऊच शकत नाही," मार्गिताई आडनावाचे प्रोफेसर, विभागप्रमुख, म्हणाले. "शिपोशबाई, तुम्ही डुलक्या काढता की काय?"

"नाही, प्रोफेसरसाहेब. वेळ पाहूनच लिहिते मी."

"मग डोळे तपासून घ्या."

त्या हिवाळ्यात तिने रक्त काढलेल्या अकराही रुग्णांच्या मोजण्या बाद झाल्या. त्यांतल्या गालकाकांना पुन्हा बोलावलं. कंपवाताने त्यांचा हात पानासारखा थरथरत होता. धमनीत सुई जायला चार खेपा लागल्या. एटेल्का हात धरून उभी होती, सुई नव्या नर्सकडे. मार्गिताई वाकून गालकाकांना म्हणाले, "हा त्रास या बाईंच्या कृपेने बरं का. माफी मागा, शिपोशबाई."

तिने मागितली. गालकाका वेदनेने कळवळले होते. "माफी कसली मागतेस? घरी बस!" ते ओरडले.

दुसऱ्या दिवसापासून तिला तळघरात जुन्या फायली लावायला बसवलं.

एप्रिलमध्ये झोंबोरचं व्याख्यान झालं. पोगाचा या छोट्या खाऱ्या पावांचं ताट आणि कॉफी ठेवायला एटेल्काला वर बोलावलं होतं. पडद्याकडे बोट दाखवत झोंबोर सांगत होता, "हाताची चूक असती, तर कुणाचे दहा सेकंद, कुणाचे साठ, असं विखुरलं असतं. इथे आधीच्या अकरांत आणि नंतरच्या सातांत, अठराही मोजण्यांत फरक एकच. एकेचाळीस सेकंद. तेवढं सरकवलं की सगळं जुळतं."

एटेल्काच्या हातातली किटली थांबली. नंतरचे सात तिचे नव्हतेच.

"म्हणजे मशीनचं घड्याळ मागे होतं," ती मोठ्याने म्हणाली. "ऑक्टोबरात हिवाळ्यासाठी सगळी घड्याळं तासभर मागे घेतली, तेव्हा ते तूच लावलंस ना, झोंबोर?"

झोंबोरचे कान लाल झाले. "एटेल्का-मावशी, ते... ते नुसतं गणितातलं पद आहे."

"केव्हा कळलं तुला?"

"गालकाकांना पुन्हा बोलावलं, तेव्हाच," तो जमिनीकडे बघत पुटपुटला.

"शिपोशबाई," मार्गिताई म्हणाले, "मागच्या रांगेत कॉफी पोचलेली नाही." कुणीतरी हसलं. झोंबोरने पुढचं चित्र लावलं.

रविवारी ती गालकाकांच्या दारी गेली. त्यांच्या पत्नींनी साखळी न काढताच फटीतून पाहिलं.

"मी इस्पितळातली शिपोश. गालकाकांना सांगायचं होतं," एटेल्का म्हणाली, "ती चूक माझी नव्हती. घड्याळाची होती."

"फेब्रुवारीत गेले ते," बाई म्हणाल्या. "मनगट काळंनिळं पडलं होतं. येईल त्याला दाखवायचे आणि तुमचं नाव घेऊन शिव्या द्यायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा."

"पण माझी नव्हती हो..."

"मग आता मी काय करू? त्यांना जाऊन सांगू?"

दार लागलं. एटेल्का थोडा वेळ पायरीवर उभी राहिली. शेजारीण खिडकीतून बघायला लागली, तशी ती ट्रामच्या थांब्याकडे निघाली. सोमवारी ती तळघरात कामाला गेली, आणि निवृत्त होईपर्यंतची सहा वर्षं तिथेच राहिली.