काकींचा डावा हात

भाताचा पेंढा जळल्याचा वास आला की मला आमच्या देवळातली ती ग्रामसभा आठवते. आदल्या दिवाळीत एक रॉकेट शेजारच्या काकींच्या खळ्यावर पडलं, झोडणीसाठी रचलेली भाताची उडवी पेटली आणि जवळच बांधलेली गाय सोडवताना काकींचा उजवा हात खांद्यापासून भाजला. म्हणून गावात फटाके बंद करायचा ठराव आला होता. सभामंडपात सगळे दाटीवाटीनं बसले होते, कोपऱ्यात उदबत्ती धुमसत होती. माझं अक्षर बरं, म्हणून सभेचं लिहायला मला बसवलं होतं. सरपंच म्हणाले, बाजूनं असतील त्यांनी हात वर करा. काकींनी डावा हात वर केला. हात मोजणारे म्हातारे बाबा तिथंच थांबले. "देवाम्होरं डावा हात नाय चालत गं. उजवा कर." काकी म्हणाल्या, "त्यो वर जात नाय, बाबा. कातडी आखडली हाय." तरी त्यांनी करून बघितलं. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. बाबा मान हलवून पुढच्या रांगेकडे वळले. ठराव एका मतानं पडला, आणि तसं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. काल गावात फटाके वाजत होते, तेव्हा काकींच्या दारावरून मी खाली बघत गेलो. त्या दिवशी मत मलाही होतं. माझा उजवा हात धडधाकट होता, पण त्यात पेन होतं, आणि ते मी खाली ठेवलं नाही.